मूलकणांचं संशोधन, प्रोटॉन आणि आठ वर्षांच्या मुलाचा शेक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठ वर्षांच्या भाच्याची लहान मेंदूतली गाठ शस्त्रक्रिया करून काढली, अहवालात मेड्युलोब्लास्टोमा (लहान मुलांत आढळणारा मेंदूचा कॅन्सर) आला आणि डॉक्टरांनी आता डोक्याला व पाठीच्या कण्याला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला सांगितलं आहे. घरात दोन मतं पडली आहेत. बहिणीला वाटतं, नेहमीच्या क्ष-किरणांच्या मशीनवर लगेच सुरू करावं. मेव्हण्यांना वाटतं, क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचाच शेक हवा. त्यात कुणी तरी मेसेज पाठवला की मूलकणांच्या भौतिकशास्त्रात मोठमोठे शोध लागताहेत, मुऑन नावाच्या कणाचं कोडं सुटलं, एका सेकंदात कॅन्सर संपवणारा ‘फ्लॅश’ किरण निघाला, तेव्हा पाच-सहा महिने थांबलात तर याहून चांगलं काही तरी मिळेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की या सैद्धांतिक संशोधनाचा हॉस्पिटलमधल्या एका मुलाशी खरंच काही संबंध असतो का.

मी मुंबईत मेडिकल फिजिसिस्ट आहे. रुग्णाच्या शरीरात किती डोस, कोणत्या बाजूनं, कोणत्या आकारात पोहोचेल याचं गणित मांडणं, आणि मशीन तेवढाच डोस देतंय ना हे मोजून पाहणं, हे माझं काम. या कामात बरीच वर्षं गेली आहेत. निदान आणि उपचाराचा निर्णय मात्र डॉक्टरांचा, त्यामुळे मी लिहितोय ते त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडावं यासाठी.

सगळ्यात आधी, पाच-सहा महिने थांबायचा विचार आजच सोडून द्या. मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी मेंदू आणि कण्याभोवतीच्या पाण्यातून पसरू शकतात, म्हणूनच गाठ पूर्ण निघाली तरी संपूर्ण मेंदूला आणि कण्याला शेक द्यावा लागतो. तो शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावा असा जगभरचा प्रघात आहे. सात आठवड्यांच्या पुढे उशीर गेला की आजार परतण्याचा धोका वाढतो. कोणत्याही मशीनची निवड या मुदतीच्या आत बसायला हवी. यातले तीन आठवडे तुमचे गेलेच आहेत.

आता संबंधाबद्दल. संबंध आहे, आणि तो मुंबईकरांच्या अगदी जवळचा आहे, पण मेसेजमध्ये लिहिलाय तसा नाही.

१९२८ साली डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञानं इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. त्यातून इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन प्रभाराचा एक कण असायला हवा असं निघालं, आणि १९३२ मध्ये अँडरसनला तो वैश्विक किरणांत सापडला. हाच पॉझिट्रॉन. तेव्हा केंब्रिजमध्ये होमी भाभा नावाचा मुंबईचा तरुण काम करत होता. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळला की दोघं कोणत्या कोनात, किती ऊर्जा घेऊन विखुरतात याचं सूत्र त्यांनी काढलं. ते १९३६ साली छापून आलं आणि आजही जगभर त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. पुढच्या वर्षी हाइटलर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी दुसरं काम केलं. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की त्यातून फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा किंवा क्ष-किरणांचा कण, निघतो, त्या फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्या जोडीतून पुन्हा फोटॉन, अशी सर कशी कोसळत जाते याचा तो सिद्धांत होता. विषय होता आकाशातून येणारे वैश्विक किरण. कॅन्सरचा तिथे कुणाच्या मनात विचारही नव्हता.

आज हॉस्पिटलमधल्या लिनॅकमध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शेक देणाऱ्या नेहमीच्या मशीनमध्ये, इलेक्ट्रॉन वेगानं धातूच्या टार्गेटवर आदळतात, त्यातून फोटॉन निघतात, ते रुग्णाच्या शरीरात शिरून पुन्हा इलेक्ट्रॉन उडवतात, आणि ऊर्जा पुरेशी असेल तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्याही तयार होतात. डोसचं सगळ्यात काटेकोर गणित ‘मॉन्टे कार्लो’ पद्धतीनं होतं. त्यात एकेक कण घेऊन तो कुठे वळेल, किती ऊर्जा सोडेल याचा माग संगणकावर कोट्यवधी वेळा काढला जातो. त्या संगणक-प्रणालीत पॉझिट्रॉनचं विखुरणं मोजण्यासाठी भाभांचं सूत्र बसवलेलं असतं. इतर प्लॅन ज्या सोप्या पद्धतींनी मोजले जातात त्यांची पडताळणीसुद्धा याच गणिताशी होते. हे काम मी रोज करतो आणि त्या सूत्राबद्दलचा आदर काही कमी होत नाही. पेट स्कॅन तर सरळ पॉझिट्रॉनवरच चालतो. शरीरात टोचलेल्या फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन निघतो, इलेक्ट्रॉनला भेटून दोघंही नाहीसे होतात आणि ५११ केईव्ही ऊर्जेचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना जातात. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे ते फार दूरवरून मागवणं कठीण. भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन (अशी द्रव्यं तयार करणारं यंत्र) २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला, तो याच गरजेतून.

सर्न या युरोपातल्या कण-संशोधन प्रयोगशाळेत कणांच्या टकरींचा अभ्यास करण्यासाठी जिआन्ट-४ नावाची संगणक-प्रणाली तयार झाली. १९९८ च्या अखेरीस ती सर्वांसाठी खुली झाली. २०१२ साली हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडला त्या सर्नच्या सीएमएस प्रयोगात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी शोधयंत्राचा एक भाग बांधला होता. त्या प्रयोगात शोधयंत्राच्या धातूतून कण कसे जातील हे ज्या प्रणालीनं काढलं, तीच प्रणाली प्रोटॉन मुलाच्या कवटीच्या हाडातून कसा जाईल हे काढायलाही जगभर वापरतात. हिग्जचा स्वतःचा उपचाराशी काही संबंध नाही. त्याला शोधण्यासाठी घडवलेल्या अवजारांचा आहे.

मुऑनचंही तसंच. मुऑनचं चुंबकत्व सिद्धांतानं येतं त्याहून किंचित वेगळं भरतं असं बरीच वर्षं दिसत होतं, आणि त्यात एखादा अज्ञात कण लपला असेल अशी आशा होती. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेनं अंतिम मोजमाप जाहीर केलं, अब्जात १२७ भाग इतक्या अचूकतेचं. त्याच्या थोडंच आधी सिद्धांतवाल्यांनी महासंगणकांवर केलेल्या नव्या हिशेबांनंतर आपला आकडा सुधारला होता. आता दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. विज्ञान म्हणून हे फार मोलाचं काम आहे. मेड्युलोब्लास्टोमाशी त्याचा आज काहीही संबंध नाही, आणि ज्यानं तो जोडून मेसेज लिहिला त्यानं तुमच्या घरात नाहक घोळ घातला.

प्रोटॉनकडे वळतो. १९४६ साली रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञानं एक छोटा लेख लिहून सुचवलं की वेगवान प्रोटॉन उपचारासाठी वापरता येतील. हेच विल्सन पुढे फर्मिलॅबचे पहिले संचालक झाले. बर्कलेमध्ये १९५४ साली पहिल्या रुग्णांना प्रोटॉन दिला गेला. कल्पनेमागचं भौतिकशास्त्र समजून घ्या, कारण तुमच्या निर्णयाचं मर्म त्यातच आहे. क्ष-किरण शरीरात शिरले की त्वचेखाली थोड्या खोलीवर जास्तीत जास्त डोस देतात आणि मग कमी होत होत आरपार निघून जातात. प्रोटॉन प्रभारित आणि जड असतो. तो वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत जातो आणि प्रत्येक धक्क्यात थोडी ऊर्जा गमावतो. फास्ट लोकल धडधडत फलाटावरून निघून गेली तर तिथे कुणाची काही देवघेव होत नाही, गाडी रेंगाळू लागली की देवघेव वाढते. प्रोटॉनचंही तसंच, वेग उतरत जातो तसा तो जास्त ऊर्जा सोडतो आणि थांबण्याआधीच्या काही मिलिमीटरांत सगळ्यात जास्त. त्यापुढे जवळजवळ काहीच नाही. ही थांबण्याची जागा ऊर्जेवरून ठरते. ७० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात साधारण ४ सेंटिमीटरवर थांबतो, २३० एमईव्हीचा साधारण ३३ सेंटिमीटरवर.

भाच्याच्या बाबतीत याचा अर्थ काय? पोरगा पालथा किंवा उताणा झोपलेला, शेक पाठीमागून कण्याला द्यायचा. क्ष-किरण कण्यातून पुढे हृदय, अन्ननलिका, आतडी, थायरॉइड यांतून बाहेर पडणार. प्रोटॉन मणक्याच्या पुढच्या कडेशी थांबवता येतो. वाढत्या वयाच्या मुलात मणका अर्धवट शेकला तर पुढे पाठ वाकडी होण्याची भीती असते, म्हणून सहसा पूर्ण मणका डोसमध्ये घेतात आणि त्याच्यापुढे किरण तोडतात. आठव्या वर्षी शेक घेतलेल्या मुलासमोर साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य असतं. त्या काळात निरोगी अवयवांना मिळालेल्या डोसमुळे नवा कॅन्सर उद्भवणं, हृदयाला इजा होणं, हे धोके असतात. लहान मुलांच्या कण्याच्या शेकात प्रोटॉनची बाजू मला सगळ्यात भक्कम वाटते ती यामुळे.

डोक्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. संपूर्ण मेंदूला जो शेक आहे त्यात प्रोटॉन असो की क्ष-किरण, मेंदूला डोस तेवढाच मिळतो, कारण तो द्यायचाच असतो. फरक पडतो तो पुढच्या टप्प्यात, गाठीच्या जागेला जादा डोस देताना. तिथे प्रोटॉननं कानाचा आतला भाग आणि मेंदूचे बाजूचे भाग बरेच वाचवता येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेड्युलोब्लास्टोमाच्या मुलांची बौद्धिक क्षमता पुढची काही वर्षं तपासली, तेव्हा प्रोटॉन मिळालेल्या मुलांची घसरण कमी दिसली. तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून दोन गट करून केलेला नव्हता, तरीही भौतिकशास्त्रावरून जे अपेक्षित होतं त्याच दिशेचा होता.

इथे थोडं थांबून माझ्या कामातली एक अडचण सांगतो. प्रोटॉन कुठे थांबेल हे आम्ही सीटी स्कॅनवरून काढतो, आणि सीटी हे क्ष-किरणांनी काढलेलं चित्र. क्ष-किरण किती शोषले गेले यावरून प्रोटॉन किती रोखला जाईल याचा अंदाज करावा लागतो. प्रोटॉनला पदार्थ किती रोखतो याचं सूत्र बेटे यांनी १९३० च्या सुमारास दिलं. त्यात पदार्थाच्या इलेक्ट्रॉनांना उत्तेजित करायला सरासरी किती ऊर्जा लागते असा एक आकडा येतो. पाण्यासाठी हा आकडा बरीच वर्षं ७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरला जाई. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात तो ७८ झाला. म्हणजे पाण्यासारख्या साध्या पदार्थाबाबतसुद्धा शंभर टक्के खात्री नाही. म्हणून अनेक केंद्रांत खोलीच्या साधारण ३.५ टक्के इतकी जागा जास्त सोडतात. दहा सेंटिमीटर खोल जायचं असेल तर साडेतीन मिलिमीटर. गाठीची जागा मेंदूच्या बुंध्याला खेटून असेल तर हे साडेतीन मिलिमीटर फार असतात. त्यातच प्रोटॉनच्या प्रवासाच्या शेवटच्या टोकाला त्याचा जैविक परिणाम मोजलेल्या डोसपेक्षा जास्त होतो. क्ष-किरणांच्या तुलनेत सगळीकडे सरसकट १.१ चा गुणक धरतात, टोकाला तो प्रत्यक्षात याहून जास्त असतो. म्हणून चांगला प्लॅन करणारा माणूस सगळ्या किरणांची टोकं मेंदूच्या बुंध्यातच एकत्र येणार नाहीत याची काळजी घेतो. प्रोटॉनचं मशीन असणं आणि प्रोटॉनचा प्लॅन चांगला असणं यांत हे अंतर आहे. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा आज रुग्णाला सगळ्यात जास्त उपयोग मला इथेच दिसतो. हे तीन-साडेतीन टक्के एक-दोनवर आले तर एखाद्या मुलाचा कान वाचेल. या सुधारणेची बातमी वर्तमानपत्रात येणार नाही.

मेव्हण्यांना वाटतंय की नवीन कण म्हणजे नवा इलाज. त्यांच्यासाठी पायॉनची हकिगत सांगतो, कारण ती माझ्या क्षेत्रात जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. पायॉन हा अणुकेंद्राला बांधून ठेवणारा कण असावा असं युकावांनी १९३५ मध्ये केवळ सिद्धांतावरून सांगितलं, १९४७ मध्ये तो सापडला. ऋण पायॉन शरीरात प्रोटॉनसारखाच ठरावीक खोलीवर थांबतो, आणि थांबला की जवळचं अणुकेंद्र त्याला गिळतं आणि ते केंद्रच फुटतं. म्हणजे गाठीच्या आत, नेमक्या जागी, जादा स्फोट. कागदावर याच्याहून सुंदर किरण सापडणं कठीण. अमेरिकेत लॉस अलामोस, कॅनडात व्हँकुव्हर आणि स्वित्झर्लंडमध्ये फिलिगेन इथे सत्तरच्या दशकापासून रुग्णांवर उपचार झाले. अत्यंत हुशार आणि तळमळीची माणसं त्यात होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिन्ही ठिकाणी ते बंद झालं, कारण रुग्णांना अपेक्षेइतका फायदा झाला नाही. पण फिलिगेनच्या गटानं पायॉनसाठी किरण गाठीवर बिंदू-बिंदूनं फिरवण्याचा जो अनुभव मिळवला होता, तो प्रोटॉनला लावला आणि १९९६ मध्ये पहिल्या रुग्णाला तसा उपचार दिला. आज जवळपास प्रत्येक नवं प्रोटॉन केंद्र याच पद्धतीनं चालतं. तुमच्या भाच्याला प्रोटॉन मिळाला तर तोही असाच बिंदू-बिंदूनं मिळेल. एका फसलेल्या कणाच्या मागे लागलेल्या लोकांचे कष्ट त्यात आहेत.

फ्लॅशचं वय अजून फार कमी आहे. २०१४ साली पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटच्या गटानं उंदरांच्या छातीवर दाखवलं की तोच डोस अर्ध्या सेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाला ४० ग्रे (शेकाचा डोस मोजण्याचं एकक) याहून जास्त वेगानं दिला, तर गाठीवर परिणाम तितकाच होतो आणि निरोगी फुप्फुसाला इजा कमी होते. आपल्या लिनॅकवर मिनिटाला साधारण ६ ग्रे मिळतात, यावरून वेगातला फरक लक्षात येईल. लोझानमध्ये त्वचेच्या लिम्फोमाच्या एका रुग्णाला ९० मिलिसेकंदांत १५ ग्रे दिले गेले, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर अमेरिकेत हातापायांच्या हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दहा रुग्णांना प्रोटॉनचा फ्लॅश दिला. त्यातून एवढंच दिसलं की हे करता येतं आणि नेहमीच्या शेकाहून जास्त त्रास झाला नाही. असं का होतं याबद्दल पेशींतला ऑक्सिजन, मुक्त मूलकं, रोगप्रतिकारशक्ती अशी अनेक स्पष्टीकरणं आहेत, एकावरही एकमत नाही. सर्न आणि लोझानचं हॉस्पिटल मिळून खोलवरच्या गाठींपर्यंत पोहोचणाऱ्या उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचं मशीन घडवताहेत. मला या विषयाबद्दल मनापासून उत्सुकता आहे. पण आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूला तो देण्याचा प्रश्नच आज उद्भवत नाही, आणि कुणी देतो म्हणालं तर तिथून निघून या.

बातमी वाचताना मी दोनच गोष्टी पाहतो. किती माणसांवर केलं, आणि कशाशी तुलना केली. प्रोटॉनलाही हीच फूटपट्टी लावतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अमेरिकेत ४५० पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाला प्रोटॉन, दुसऱ्याला आधुनिक क्ष-किरण. २०२४ मध्ये निकाल आला, दोन वर्षांनंतर आतड्याच्या तक्रारींत फरक नाही. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये तशाच अभ्यासात प्रोटॉनच्या गटाला दुष्परिणामांचा भार कमी आला. म्हणजे रोग, जागा आणि वय यांवर सगळं अवलंबून. एखाद्या ओळखीच्या काकांचा प्रोस्टेटचा कॅन्सर आणि भाच्याचा मेड्युलोब्लास्टोमा यांची तुलना करू नका. आणि मोठं संशोधन म्हटलं की मोठं यंत्रच डोळ्यांसमोर आणू नका. टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर जो अभ्यास केला, त्यात आरोग्यसेविका सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावून गर्भाशयमुख तपासत होत्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये तो निकाल जगापुढे आला तेव्हा आम्हा सगळ्यांची मान उंचावली होती.

आता ज्याकडे तुमच्या घरात कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, ते. मेड्युलोब्लास्टोमा हा एकच आजार नाही. जनुकांवरून त्याचे चार मुख्य गट पडतात, त्यावर २०१२ मध्ये जागतिक एकमत झालं. डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. यातल्या डब्ल्यूएनटीची मुलं सगळ्यात चांगली बरी होतात, गट ३ सगळ्यात अवघड. टाटा हॉस्पिटलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात पॅराफिनच्या, म्हणजे मेणाच्या, ठोकळ्यात जपलेल्या नमुन्यावरून हे गट ओळखण्याच्या चाचणीवर चांगलं काम झालं आहे. तुमच्या अहवालात ‘मेड्युलोब्लास्टोमा’ एवढंच लिहिलं असेल तर गट कोणता हे विचारा.

हा गट आणि एमआरआयमध्ये दिसणारा पसार यांवरून डोस ठरतो. साधारण जोखमीच्या मुलाला मेंदू-कण्याला २३.४ ग्रे, १३ सिटिंगमध्ये, आणि मग गाठीच्या जागेला एकूण ५४ ग्रेपर्यंत, म्हणजे आणखी १७. एकूण ३० सिटिंग, आठवड्याला पाच, सहा आठवडे. जास्त जोखीम असेल तर मेंदू-कण्याला ३६ ग्रे. २३.४ आणि ३६ मधला फरक मुलाच्या पुढच्या आयुष्यासाठी अनेकदा प्रोटॉन की क्ष-किरण यातल्या फरकापेक्षा मोठा असतो. डोस मनानं कमी करता येत नाही हेही संशोधनानंच दाखवलंय. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात लहान मुलांना २३.४ ऐवजी १८ ग्रे दिले, तर आजार जास्त परतला. त्याच अभ्यासात जादा डोस कवटीच्या मागच्या-खालच्या पूर्ण भागाऐवजी फक्त गाठीच्या जागेपुरता दिला, तर काही बिघडलं नाही, आणि ते आता सगळीकडे लागू झालं. टाटामध्ये डब्ल्यूएनटी गटाच्या काही मुलांना मेंदू-कण्याचा शेक पूर्ण वगळून फक्त गाठीच्या जागेला शेक देऊन पाहिला होता. शेक न दिलेल्या भागांत आजार परतू लागला, तसा अभ्यास लगेच थांबवला आणि तसं प्रसिद्धही केलं. अशा प्रामाणिक कामावर तुमच्या भाच्याचा डोस ठरतोय, हे बहिणीला जरूर सांगा.

मग करायचं काय? प्रोटॉन तुमच्यापासून फार लांब नाही. ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून रुग्णांवर उपचार सुरू आहेत. चेन्नईत खासगी केंद्र २०१९ पासून आहे. तुमच्या डोंबिवलीहून शिळफाटा-तळोजामार्गे खारघर रोज जाऊन-येऊन होण्यासारखं आहे, पण सहा आठवडे, त्यातले काही दिवस मूल उलट्यांनी हैराण झालेलं असताना, तो रस्ता जड जाईल. खारघरलाच राहायची सोय पाहा. या आठवड्यात फाइल घेऊन ॲक्ट्रेकच्या बालरोग विभागात दाखवा आणि थेट विचारा: माझ्या मुलाला प्रोटॉन मिळू शकेल का, आणि मिळाला तर पहिली सिटिंग कोणत्या तारखेला? मास्क, सीटी, प्लॅन आणि तपासणी यांना काही दिवस लागतातच, ते धरून तारीख शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत बसत असेल तर माझं मत प्रोटॉनच्या बाजूनं आहे. बसत नसेल तर चांगल्या लिनॅकवर वेळेत सुरू करा आणि मनात खंत ठेवू नका. गेली कित्येक दशकं मुलं क्ष-किरणांवर बरी झाली आहेत, आजही होतात. आजचे लिनॅक कान आणि मेंदूचे भाग पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले वाचवतात. घर-दागिने विकून परदेशी जाण्याची या आजारात गरज नाही. खर्चासाठी मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच दिवशी भेटा, महात्मा जोतिराव फुले योजनेत यातलं काय बसतं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

फाइलमध्ये शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा एमआरआय सीडीवर हवा, नुसत्या फिल्म नकोत. नमुन्याचे पॅराफिनचे ठोकळे आधीच्या हॉस्पिटलमधून मागून घ्या. संपूर्ण कण्याचा एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी झाली आहे का पाहा.

भाच्याची तयारीही आतापासून करा. डोक्यावर जाळीचा मास्क बसवून, मान न हलवता, एकट्यानं खोलीत बराच वेळ पडून राहावं लागतं. आठ वर्षांची पुष्कळ मुलं सरावानं हे भूल न घेता करतात, आणि रोजची भूल टळली तर रोजचं उपाशी राहणंही टळतं. घरी टेबलावर झोपवून, त्याच्या आवडीची गोष्ट लावून सराव करा. टेक्निशियनना सांगा की खोलीत स्पीकरवर त्याला आईचा आवाज ऐकू द्या, बहुतेक ठिकाणी ते आनंदानं करतात.

शेक सुरू होण्याआधी ऐकण्याची तपासणी, थायरॉइड आणि वाढीच्या हार्मोनच्या चाचण्या, आणि बालमानसतज्ज्ञाकडून बुद्धी-स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या. घाईत हे राहून जातं. दोन वर्षांनी शाळेत तो मागे पडतोय असं वाटलं, तर ते शेकामुळे, केमोमुळे की कमी ऐकू आल्यामुळे हे ओळखायला आजचे आकडे लागतील, आणि ते सुरुवातीच्या सिटिंगनंतर मिळत नाहीत.